कराची ते मुंबई विमानाने किती वेळ? जेआरडी टाटांचे सात तास आणि आजचं उत्तर



दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणाऱ्या वेबसाइट्स तुम्ही वापरल्या असतीलच. एका चौकटीत एक शहर टाकायचं, दुसऱ्या चौकटीत दुसरं, बटण दाबलं की उत्तर हजर. कुठे जायचं ठरलं की मीही आधी तिथेच डोकावतो.

मागच्या दिवाळीत आजीने मला विचारलं, कराची इथून किती लांब आहे रे. आजीचा जन्म १९३५ चा, कराचीचा. तिचे वडील तिथल्या बंदरात कारकून होते. १९४७ साली सगळं कुटुंब बोटीने मुंबईला आलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. बोटीतली गर्दी तिला अजून आठवते, पण विमानाने हे अंतर किती वेळात कापतात याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

मी फोनवर दोन्ही नावं टाइप केली. उत्तर आलं: सुमारे ८७५ किलोमीटर, १ तास ३५ मिनिटं. आजीला ते खरंच वाटेना. नागपूरला मावशीकडे विमानाने जायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. मग तिने सरळ विचारलं, तिकीट केवढ्याला पडेल. आणि तिथे माझी गाडी अडकली, कारण असं थेट तिकीट मिळतच नाही.

म्हणून हा लेख. हे आकडे निघतात कसे ते तर बघूच, पण त्यासाठी मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याने हा प्रवास १९३२ साली एका चिमुकल्या विमानातून केला आणि म्हातारपणी पुन्हा करून दाखवला. तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच आपले जेआरडी.

८७५ हा आकडा येतो कुठून?

आधी थोडं गणित, घाबरू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन शहरांमधला सर्वात जवळचा रस्ता म्हणजे त्या गोलावर ताणून धरलेला दोरा. या दोऱ्याची लांबी काढायला वेबसाइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेते आणि सूत्रात टाकते.

आपण कागदावर अंदाज काढू. कराचीचा विमानतळ साधारण २४.९ अंश उत्तर आणि ६७.२ अंश पूर्व. मुंबईचा १९.१ उत्तर आणि ७२.९ पूर्व. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक सुमारे ५.८ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तर हे झाले साधारण ६४४ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ५.७ अंश. पण विषुववृत्तापासून वर गेलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. या पट्ट्यात एक अंश साधारण १०३ किलोमीटरचा. म्हणजे ५८७ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस आठवा: दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. उत्तर येतं ८७१. वेबसाइटचं उत्तरही जवळपास तेच.

आकडा बरोबरच आहे. पण त्यातून एवढंच कळतं की शहरं किती लांब आहेत. प्रत्यक्ष पोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न वेगळा. जेआरडींचं आयुष्य मला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं.

समुद्रकिनाऱ्यावरचा मुलगा

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान ब्रियेर फ्रेंच. त्यामुळे घरातली पहिली भाषा फ्रेंच. उन्हाळ्याच्या सुटीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाच्या गावी राहायचं. तिथेच जवळ लुई ब्लेरियो यांचंही घर होतं.

ब्लेरियो म्हणजे कोण? २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस. फ्रान्समधल्या कॅलेजवळून उडून तो इंग्लंडमधल्या डोव्हरला उतरला, सुमारे ३७ मिनिटांत. शेजारी देशांमधलं अंतर विमानाने मोजायची सुरुवात तिथून झाली म्हणायला हरकत नाही. लहानग्या जेआरडींनी या किनाऱ्यावर विमानं उतरताना पाहिली. पंधराव्या वर्षी पैसे भरून विमानातून एक फेरी मारली आणि आपणही वैमानिक व्हायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पण इच्छा पूर्ण व्हायला जवळपास दहा वर्षं गेली. मधल्या काळात फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी झाली, मुंबईत टाटांच्या कंपनीत काम सुरू झालं, वडील वारले. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर ते लगेच तिथे दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं हे पहिलं लायसन्स, नंबर १.

पुढच्याच वर्षी एक स्पर्धा झाली. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, म्हणजे इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर नावाचा एक तरुण येत होता. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. शर्यत शेवटी अस्पीने जिंकली, जेआरडी थोडक्यात हरले. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींना या हरण्याचं कधी वाईट वाटलं नाही, असंच सगळे सांगतात.

टपाल कराचीला येऊन थांबायचं

आता कराचीकडे येऊ. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी लंडनहून कराचीपर्यंत विमानाने टपाल आणत होती. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासची पत्रं रेल्वेने जायची. म्हणजे हजारो मैल हवेतून आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात रेंगाळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय, पण घरात अजून जुनीच वायर आहे, तसला प्रकार.

नेव्हिल व्हिन्टसेंट नावाचा एक माजी ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक तेव्हा भारतात होता. त्याने जेआरडींपुढे कल्पना मांडली: कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी आणि मद्रास अशी टपाल सेवा आपणच चालवू. घरातल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे सर दोराबजी टाटांना, राजी करावं लागलं. भांडवल सुमारे २ लाख रुपये. विमानं दोन, पस मॉथ जातीची. एक इंजिन, लाकूड आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड. जुहूला एका झावळ्यांच्या झोपडीत ऑफिस थाटलं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवायचा.

१५ ऑक्टोबर १९३२

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एकटेच उडाले. सोबत टपालाच्या थैल्या. विमानात रेडिओ नाही आणि जमिनीवरून मार्ग सांगणारं कुणी नाही. अंगावर गॉगल आणि हाताशी स्लाइड रूल.

स्लाइड रूल म्हणजे एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या. त्यांवर आकडे अशा हिशोबाने कोरलेले असतात की पट्टी सरकवली की गुणाकार-भागाकार होतो. कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनीअर लोक हेच वापरायचे. हवेत त्याचा उपयोग काय? निघून किती वेळ झाला ते घड्याळ सांगतं, वेग किती ते समोरचा काटा सांगतो. दोन्हींचा गुणाकार केला की आपण कुठवर आलो याचा अंदाज येतो. दिशा कंपास सांगतो. खाली ओळखीची नदी किंवा रेल्वेचे रूळ दिसले की अंदाज तपासून घ्यायचा. आज फोनमधलं जीपीएस जे काम करतं, ते तेव्हा असं डोक्याने करावं लागे.

आता मार्ग बघा. कराची ते मुंबई सरळ दोरा ताणला तर तो सौराष्ट्रावरून आणि पुढे समुद्रावरून जातो. जेआरडी तसे गेले नाहीत. पस मॉथच्या टाकीतलं पेट्रोल एवढ्या मोठ्या पल्ल्याला एका दमात पुरणारं नव्हतं, शिवाय अहमदाबादची डाकही होती. म्हणून ते आधी अहमदाबादला गेले, सुमारे ५९० किलोमीटर. तिथे बैलगाडीतून आलेल्या डब्यांमधून पेट्रोल भरलं. मग मुंबई, आणखी सुमारे ४४५ किलोमीटर. एकूण झाले साधारण १०३५ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा १६० जास्त.

दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. एकूण वेळ, अहमदाबादचा थांबा धरून, सात तासांच्या थोडा वर. पुढचं टपाल घेऊन व्हिन्टसेंट दुसऱ्या विमानाने बेल्लारीमार्गे मद्रासला रवाना झाला.

मग फ्लाइट टाइम कसा काढतात?

वरचे आकडे वापरून आपण स्वतःच एक कॅल्क्युलेटर बनवू.

१९३२ चं उत्तर: पस मॉथचा प्रवासी वेग ताशी साधारण १७० किलोमीटर. १०३५ भागिले १७०, म्हणजे सहा तास आणि काही मिनिटं. त्यात अहमदाबादचा थांबा मिळवा, झाले सात तास. प्रत्यक्ष घडलं त्याच्याशी हे जुळतं.

आजचं उत्तर: जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. ८७५ भागिले ८००, म्हणजे सुमारे ६५ मिनिटं. वर चढायला, खाली उतरायला आणि धावपट्टीपर्यंत जायला अर्धा तास धरा. झाली १ तास ३५ मिनिटं. बहुतेक वेबसाइट्स साधारण असाच हिशोब करतात.

इथे वाऱ्याचा हिशोब धरलेला नाही. समजा समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आहे. जेटला कराची-मुंबईत दोन-तीन मिनिटांचा फरक पडेल. पण पस मॉथचा वेग १७० वरून १४० होईल आणि एकट्या अहमदाबादच्या टप्प्यातच पाऊण तास जास्त लागेल. त्या काळी वेळापत्रक पाळणं किती अवघड होतं ते यावरून कळतं. तरीही पहिल्याच वर्षी टाटांची ही सेवा वेळेवर चालते म्हणून सरकारी अहवालात तिचं कौतुक झालं.

एक छोटी सूचना घड्याळाची. पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्यामुळे कराचीहून दहाला निघालेलं विमान मुंबईत १२ वाजून ५ मिनिटांनी उतरलं, तर प्रवास दोन तास पाच मिनिटांचा नाही, १ तास ३५ मिनिटांचाच झाला.

नकाशावर रेघ आली

आता एक गोष्ट लक्षात घ्या, जी मलाही हा लेख लिहिताना नव्याने जाणवली. १९३२ साली जेआरडी उडाले तेव्हा कराची आणि मुंबई वेगळ्या देशांत तर नव्हतीच, वेगळ्या प्रांतांतही नव्हती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ ला. माझी आजी जन्मली तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. तिथे मराठी घरं होती, मराठी माणसं नोकरीला होती. कराचीतली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची जुनी शाळा आजही त्याची खूण आहे.

जेआरडींची कंपनी वाढत गेली. १९३८ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि त्यांची पहिली उड्डाणवाट दोन देशांत वाटली गेली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. इंग्लंडपर्यंत जाणारी स्वतःची सेवा भारताला मिळाली. जेआरडी स्वतः त्या विमानात होते.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते पटलं नव्हतं, पण अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. १९६२ साली एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. मुंबई-लंडन काही तासांवर आलं. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. आपण सुरू केलेली कंपनी त्यांनी एकदा मालक म्हणून गमावली होती, आता दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणून गमावली.

पुन्हा तीच वाट

१९६२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ३० वर्षं झाली तेव्हा, जेआरडींनी लेपर्ड मॉथ या जुन्या धाटणीच्या विमानातून कराची ते मुंबई प्रवास पुन्हा केला. आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला, ५० वर्षं पूर्ण झाल्यावर, परत एकदा. तेव्हा त्यांचं वय ७८. एकटेच, एका इंजिनाचं विमान, आणि उतरायचं ठिकाण तेच, जुहू. नव्या पिढीला थोडी उमेद वाटावी, हा त्यामागचा हेतू.

सुरुवातीला मला ही एका उद्योगपतीची हौस वाटली होती. आता तसं वाटत नाही. १९३२ मध्ये त्यांच्यापुढे अडचण होती ती पेट्रोलची, वाऱ्याची आणि इंजिनाची. १९८२ मध्ये या तिन्ही गोष्टी सोप्या झाल्या होत्या. पण तेच अंतर आता दोन देशांमधलं होतं.

जेआरडींना १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं, दफन पॅरिसमध्ये झालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला ते नव्हते.

आजचं खरं उत्तर

मग आज कराची ते मुंबई किती वेळ? थेट विमान नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. ज्याला जायचंच आहे आणि व्हिसाही हातात आहे, त्याला दुबईसारख्या तिसऱ्या शहरातून जावं लागतं. कराची-दुबई सुमारे ११९० किलोमीटर, दुबई-मुंबई सुमारे १९३०. म्हणजे ८७५ चे झाले ३१०० च्या वर. हवेतला वेळ साधारण पाच तास. मध्ये दुबईत दोन-तीन तास थांबलात तर बेरीज सात-आठ तास.

जेआरडींना त्या कापडी विमानातून, बैलगाडीवरचं पेट्रोल भरून, सात तास लागले होते. विमानाचा वेग जवळपास पाचपट झाला तरी या दोन शहरांमधला वेळ आपण अजून कमी करू शकलेलो नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशा वेबसाइटवर अंतर बघाल तेव्हा एवढं तपासा:

१. दाखवलेलं अंतर सरळ रेषेतलं आहे की प्रत्यक्ष विमानमार्गाचं.
२. दाखवलेल्या वेळात चढणं-उतरणं आणि धावपट्टीवरचा वेळ धरला आहे का.
३. त्या मार्गावर थेट विमान खरंच चालू आहे का, आणि मधलं आकाश उघडं आहे का. कॅल्क्युलेटर हे सांगत नाही, विमान कंपनीचं वेळापत्रक सांगतं.

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिकिटाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. जेआरडी सकाळी निघाले आणि दुपारच्या जेवणापर्यंत जुहूला पोचले, तेवढं मात्र तिने माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं.